हार्टफर्डचे ते घर

बडोद्यात जन्म काढलेल्या माणसाला लक्ष्मीविलास राजवाड्याविषयी कोणी वावगे बोललेले खपत नाही. आम्हांलाही खपत नाही. त्यामुळे विद्यार्थिदशेत मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदकाराचे ‘फॉलोइंग द इक्वेटर’ हे १८९७ सालचे प्रवासवर्णन हाती आले, आणि हा राजवाडा हिंदुस्थानच्या मातीत उपरा आहे, खर्चाखेरीज त्यात दुसरा गुण नाही, अशा आशयाची त्याची शेरेबाजी वाचली, तेव्हा आमचे त्या गृहस्थाशी चांगलेच बिनसले. आपल्या गावची हत्तीवरची सैर आणि सोन्याचांदीच्या तोफा त्याने चवीने वर्णिल्या होत्या. पण आमचा राग त्याने गेला नाही. पुढे संसार पडला, डोक्यावर कर्ज असणे म्हणजे काय ते कळले, आणि १८९६ च्या जानेवारीअखेर साठी उलटलेला हा मनुष्य बायको-मुलीसह बडोद्याच्या स्टेशनावर का उतरला होता, याचा उलगडा झाला. त्यानंतर मात्र आम्ही त्याला क्षमा करून टाकली.

गेल्या वर्षी पुतणीकडे अमेरिकेस जाण्याचा योग आला. ती राहते हार्टफर्ड या गावी. न्यूयॉर्क आणि बोस्टन यांच्या दरम्यानचे हे कनेटिकट राज्याच्या राजधानीचे शहर विमा कंपन्यांचे म्हणून प्रसिद्ध आहे. पुतणीने पाहण्याजोग्या स्थळांची यादी सांगायला घेताच आम्ही तिला मध्येच थांबवले. “काका, पण ते तर नुसते एक जुने घर आहे!” ती म्हणाली. आम्ही म्हटले, तेच दाखव.

ते घर फार्मिंग्टन ॲव्हेन्यूवर आहे. लाल विटा, त्यांवर काळ्या-तांबड्या रंगांची नक्षी, अनेक गच्च्या, सज्जे आणि धुराडी. राजवाड्याला नावे ठेवणाऱ्याचे स्वतःचे घर असे पाहून आम्हांला मनातल्या मनात हसू आले. सॅम्युएल क्लेमेन्स (मार्क ट्वेन हे त्याचे टोपणनाव) पत्नी ऑलिव्हिया हिच्यासह १८७४ साली येथे राहावयास आला आणि १८९१ पर्यंत राहिला. जन्म १८३५ चा, मिसूरी राज्यातील एका खेड्यातला. वडील लवकर वारलेले. छापखान्यातला उमेदवार, मिसिसिपी नदीवरच्या आगबोटीचा तांडेल, वार्ताहर, अशा पायऱ्या चढून आलेल्या माणसाने उभारलेले हे घर.

तळमजल्यावरच्या ग्रंथालयात आम्ही सर्वाधिक वेळ रेंगाळलो. तेथे स्कॉटलंडमधल्या एका वाड्यातून आणलेली भली मोठी कोरीव लाकडी शेकोटीची चौकट आहे. तिच्या फळीवर आणि आजूबाजूस चित्रे व शोभेच्या वस्तू मांडलेल्या. सूझी, क्लारा आणि जीन या तिन्ही मुली बापाला रोज गोष्ट सांगावयास लावीत. अट अशी की, एका टोकाच्या मांजराच्या चित्रापासून आरंभ करून दुसऱ्या टोकाच्या तरुणीच्या चित्रापर्यंत प्रत्येक वस्तू त्याच क्रमाने गोष्टीत आली पाहिजे, आणि गोष्ट दर वेळी नवी पाहिजे. पस्तीस वर्षे मुलांना निबंध शिकवल्यावर आम्ही एवढे सांगू शकतो की, याहून कठीण परीक्षा आमच्या शिक्षण खात्याने अद्याप काढलेली नाही. थोरली सूझी तेरा वर्षांची असताना तिने बापाचे चरित्र लिहावयास घेतले होते, आणि तिच्या शुद्धलेखनाच्या चुका बापाने जशाच्या तशा जपल्या.

वर शयनगृहात व्हेनिसहून आणलेला देवदूत कोरलेला पलंग आहे. पैसे मोजले ते उशाकडच्या कोरीवकामासाठी, मग ते डोळ्यांपुढे नको का, म्हणून नवराबायको पायथ्याशी डोके करून निजत. आणखी वर बिलियर्डची खोली. तीच त्याची लिहिण्याची जागा. हस्तलिखिताची पाने टेबलभर पसरलेली असत.

या घरात जॉर्ज ग्रिफिन नावाचा कृष्णवर्णीय कारभारी होता. जन्माने गुलाम. एक दिवस खिडक्या पुसण्यासाठी आला आणि घर बंद होईपर्यंत राहिला. वाटाड्या बाईंनी हे सांगितले तेव्हा आम्हांला मुंबईचे वॉटसन हॉटेल आठवले. काळा घोड्याजवळची ती लोखंडी सांगाड्याची इमारत पुढे एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाऊ लागली. तेथे उतरला असता एका दांडग्या जर्मनाने हिंदी नोकराच्या थोबाडीत लगावलेली ट्वेनने पाहिली. नोकराने ती मुकाट्याने सोसली, आणि ट्वेन क्षणात पन्नास वर्षे मागे, आपल्या बालपणच्या गुलामांच्या गावी जाऊन पोहोचला. सज्जन म्हणून नावाजलेला आपला बापही क्षुल्लक चुकांसाठी गुलाम पोरावर हात टाकीत असे, हे त्याने तेथेच लिहून टाकले आहे. कावळ्यांवर त्याने लिहिलेली विनोदी पाने सर्वांना ठाऊक असतात. हे पान फारसे कोणी सांगत नाही.

आता त्या कर्जाची हकीकत. घरालगतच्या संग्रहालयात एक अवाढव्य यंत्र ठेवले आहे. छापखान्यातले खिळे आपोआप जुळवणारे हे पेज याचे यंत्र. सुमारे अठरा हजार सुटे भाग! लहानपणी हाताने खिळे जुळवलेल्या ट्वेनला या यंत्राचे वेड लागले. वर्षामागून वर्षे त्याने त्यात पैसा ओतला, बायकोचा वारसाही ओतला. यंत्र चाले तेव्हा अप्रतिम चाले, पण एकसारखे बिघडे. तोवर लायनोटाइपने बाजार काबीज केला. १८९४ मध्ये त्याची प्रकाशनसंस्थाही बुडाली. कायद्याने धनकोंशी अर्ध्यामुर्ध्यावर तडजोड करता आली असती. ऑलिव्हियाने ते मानले नाही. पैन् पै फेडायची. म्हणून १८९५ च्या जुलैत हा मनुष्य व्याख्याने देत पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन, मुंबई, बडोदे, प्रयाग, काशी, कलकत्ता, पुढे दक्षिण आफ्रिका. तेव्हा गायकवाडांच्या राजवाड्यात जे श्रोते हसले, त्यांना आपण एका धनकोचा हिशेब चुकता करीत आहोत हे कोठून कळणार! (पुढे याच बडोद्यात चिं. वि. जोशी पाली शिकवीत राहिले आणि चिमणरावांना जन्म देते झाले. या गावाच्या पाण्यातच काही असावे.)

पत्नी आणि क्लारा सफरीत बरोबर होत्या. सूझी व जीन मागे राहिल्या होत्या. प्रवास संपवून ट्वेन इंग्लंडमध्ये उतरला. मुली तिकडे येऊन मिळावयाच्या होत्या, तोच सूझी आजारी असल्याची तार आली. ऑलिव्हिया व क्लारा तातडीने बोटीत बसल्या. त्या भर समुद्रात असतानाच, १८ ऑगस्ट १८९६ रोजी, सूझी मेंदूज्वराने गेली. वय चोवीस. गेली ती याच घरात. बाप इंग्लंडमध्ये एकटा होता. तेथेच त्याला तार मिळाली.

त्यानंतर प्रवासवर्णन लिहिले गेले, म्हणजे आमच्या राजवाड्याची ती थट्टाही त्याच शोकाच्या दिवसांतली. १८९८ मध्ये सर्व कर्ज फिटले. या घरात मात्र ते कुटुंब पुन्हा राहावयास आले नाही. १९०३ साली ते विकले. नंतर येथे काही वर्षे मुलांची शाळा भरत होती, हे ऐकून आमच्यातला हेडमास्तर उगाचच भिंती न्याहाळू लागला. १९२९ मध्ये गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन घर वाचवले, आणि १९७४ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, ते पूर्ववत सजवून झाले. ट्वेन स्वतः १९१० साली निवर्तला.

निघताना आम्ही वाटाड्या बाईंना म्हटले, आम्ही बडोद्याचे. त्यांना नाव ओळखीचे वाटले नाही. मग आम्ही हत्ती, तोफा आणि व्याख्यान, सारे सांगितले. राजवाड्याबद्दलची शेरेबाजी तेवढी गाळली. बाईंनी खिशातून कागद काढला आणि गावाचे स्पेलिंग विचारले. पुतणीने ते सावकाश, एकेक अक्षर करून सांगितले.