न्यायमंदिरात देव कोणता?

बडोद्यात सूरसागर तलावाजवळ न्यायमंदिराची देखणी इमारत आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९६ साली ती उभी राहिली. जिल्हा न्यायालय २०१८ मध्ये दिवाळीपुऱ्यात हललं, पण भाचरं आली की मी ही इमारत दाखवतेच.

“मावशी, इथे देव कोणता?” धाकटीने विचारलं.

“देव नाही गं. लोक इथे तंटे घेऊन यायचे.”

“मग पोलीस शिक्षा करायचे?”

“पोलीस पकडून आणतात. शिक्षा करायची की नाही, ते न्यायाधीश ठरवतात, तेही दोन्ही बाजू ऐकून. गुन्हा सिद्ध होईपर्यंत कुणाला दोषी धरायचं नाही.”

“वकिलाला द्यायला पैसे नसले तर?”

“१९८७ च्या कायद्याने गरिबांना मोफत वकील मिळतो. बायका-मुलांना तर उत्पन्न न बघता. आरोपीला गुजराती समजत नसेल, तर साक्ष त्याच्या भाषेत समजावून सांगतात. निकाल पटला नाही, तर वरच्या कोर्टात जाता येतं.”

थोरला इतका वेळ गप्प होता. हळूच म्हणाला, “शाळेत काच फुटली, तेव्हा मला कुणी विचारलंच नाही.”

आम्ही तलावाच्या कट्ट्यावर बसलो. म्हटलं, “सांग बरं, अगदी पहिल्यापासून.”