सहकुटुंब सहपरिवार

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे लॅपटॉपची डिस्क काठोकाठ भरली होती, त्यामुळे लिहायला अक्षरशः जागा नव्हती!

तर झालं असं. माझ्या भावाच्या मुलाने २०२१ च्या दिवाळीत त्याचा जुना लॅपटॉप मला दिला. त्यावर डेबियन नावाचं लिनक्स टाकलेलं. डिस्क जेमतेम ३२ जीबीची. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला एका कार्टून सिनेमामालिकेतल्या पात्राचं नाव देतात. माझ्याकडे सध्या आहे तिचं नाव ‘बुकवर्म’. शाळेत पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला आणखी काय हवं? पण ९ ऑगस्ट २०२५ ला तेरावी आवृत्ती आली. ती घ्यायची तर आधी डिस्कवर मोकळी जागा हवी. भाचा फोनवर म्हणाला, "आत्या, सगळं पुसून नवीनच टाकू ना. तासाभराचं काम."

त्याच्यासाठी असेल तासाभराचं. मी नाही म्हटलं. आईच्या जात्यावरच्या ओव्या त्यात टाइप करून ठेवल्यात, तीनशेच्या वर. त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर आहे म्हणा. पण घरात कचरा झाला म्हणून कुणी घर पाडत नाही. शिवाय काय काय साठलंय ते मला बघायचं होतं.

लिनक्सवर एखादा प्रोग्राम मागवला की तो एकटा येत नाही. पत्रिकेवर छापलेलं असतं ना, ‘सहकुटुंब सहपरिवार’, तसा येतो. त्याला लागणाऱ्या लायब्ऱ्या, त्या लायब्ऱ्यांना लागणाऱ्या आणखी लायब्ऱ्या. वणीकरांना हे समजावून सांगायला नको. चैत्रात गडावरच्या यात्रेला खानदेशातून लोक पायी येतात, तेव्हा आपल्या ओळखीचा एक आणि त्याच्याबरोबर ओसरीवर झोपणारे अकरा, हे आमच्याकडे दरवर्षीचं. फरक इतकाच की यात्रेकरू पौर्णिमेनंतर आपल्या पायांनी घरी जातात. लायब्ऱ्या जात नाहीत.

पण डेबियन हिशेब चोख ठेवतं. प्रत्येक पॅकेजच्या नावापुढे नोंद असते, हे मालकाने स्वतः मागवलं की दुसऱ्या कुणाबरोबर आपोआप आलं. ज्याच्यासाठी आलं तो निघून गेला आणि आता दुसऱ्या कुणालाही त्याची गरज नाही, अशी आपोआप आलेली पॅकेजं ‘एप्ट ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा शोधून काढते आणि पुसते. पुसण्याआधी यादी दाखवते. ‘नुसतं करून दाखव, खरं करू नकोस’ असंही तिला सांगता येतं. मी तेच सांगितलं. यादीत ६३ नावं होती. पेपर तपासायची सवय असल्यामुळे सगळी वहीत उतरवून घेतली. (हसू नका.)

निम्मी जागा जुन्या कर्नलांनी अडवली होती. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. सुधारणा आली की नवा गाभा येतो, पण जुना लगेच जात नाही. नव्याने दगा दिला तर परत फिरता यावं म्हणून यंत्र आधीचा एक राखून ठेवतं. हा शहाणपणा मला आवडला. माझ्याकडे मात्र अकराव्या आवृत्तीतला ५.१० सुद्धा पडून होता, आणि मी वापरत होते ६.१. त्याला निरोप दिला.

नावांवरून काही कळत नव्हतं तिथे ‘ॲप्टिट्यूड व्हाय’ म्हणून एक आज्ञा आहे, ती वापरली. तिच्यापुढे पॅकेजचं नाव लिहायचं, की ते कुणामुळे इथे आहे त्याची साखळी मिळते. (त्यासाठी ॲप्टिट्यूड आधी बसवावं लागतं, आणि ते येताना स्वतःचं गोतावळं घेऊन येतं. साफसफाईला आधी नवा झाडू.)

आता गंमत फॉन्टांची. ‘फॉन्ट्स-इंडिक’ या पॅकेजमध्ये एकही फॉन्ट नाही, ती निव्वळ पत्रिका आहे. तिच्यामुळे बंगाली, तमिळ, ओडिया, गुरुमुखी असे सगळ्या लिप्यांचे फॉन्ट येतात. मला देवनागरी पुरते, म्हणून पत्रिका काढून टाकली. तर ऑटोरिमूव्हच्या यादीत बाकीच्यांबरोबर देवनागरीचेही फॉन्ट आले. लोहित, गार्गी, आणि नकुल-सहदेव. होय, दोन फॉन्टांची नावं खरंच नकुल आणि सहदेव आहेत! ओव्यांची अख्खी फाइल सहदेवमध्ये आहे. यंत्राच्या दृष्टीने तो बिनकामाचा, कारण कुठल्याच पॅकेजला तो लागत नाही. मला लागतो हे त्याला कळणार कुठून? पॅकेजांना पॅकेजांची गरज एवढंच त्याला ठाऊक. मग ‘एप्ट-मार्क मॅन्युअल’ ही आज्ञा देऊन सहदेव आणि लोहित मी माझ्या नावावर करून घेतले, आणि मगच ‘वाय’ दाबलं.

यादी न वाचता हो म्हणण्याचं एक उदाहरण भाच्याने सांगितलं. २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या कॅनडाच्या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस नावाच्या लिनक्सवर खेळांसाठीचं स्टीम टाकायला घेतलं. काही महत्त्वाची पॅकेजं निघून जातील, असा इशारा यंत्राने दिला आणि ‘हो, मी सांगतो तसंच कर’ हे वाक्य इंग्रजीत टाइप करून घेतलं. त्याने केलं. सगळा डेस्कटॉपच गेला, उरला काळा पडदा.

पण हे सगळं नुसतं जागेसाठी असतं का, असं मी भाच्याला विचारलं. तेव्हा त्याने एक्सझेडची हकिगत सांगितली, ती जास्त विचार करायला लावणारी. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी. वर्षानुवर्षं एकच माणूस ती फुकट सांभाळत होता. कुणीतरी मदतनीस बनून दोनेक वर्षं त्याचा विश्वास कमावला आणि मग तिच्यात चोरदरवाजा बसवला. दूरच्या यंत्रात शिरण्यासाठी एसएसएच वापरतात. त्याला खरं तर एक्सझेड लागतच नाही. पण डेबियनसारख्या काहींनी एका छोट्या सोयीसाठी त्याला सिस्टिमडीची लायब्ररी जोडली होती आणि तिच्या पदराला धरून एक्सझेड आत आलं होतं. २९ मार्च २०२४ ला आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ते जाहीर केलं. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा तो माग काढत होता. अर्ध्या सेकंदाने बेचैन होणारा माणूस, काय म्हणावं! चोरदरवाजा डेबियनच्या चाचणीतल्या आवृत्त्यांपर्यंत पोचला होता. माझ्या बुकवर्मपर्यंत नाही.

आता राहिलं एक पॅकेज. ते यादीत नव्हतं, असणारही नव्हतं, कारण ते मुद्दाम मागवलेलं. स्टेलारियम, आकाशदर्शनाचं. यंत्राच्या नोंदवहीत तारखेसकट सापडलं, १४ मे २०२२. हे रोज संध्याकाळी त्यात बघून मग गच्चीवर जात. नाशिकऐवजी वणीचेच अक्षांश-रेखांश हवेत म्हणून नकाशातून काढून हाताने घातले होते त्यांनी, २०.३ उत्तर, ७३.९ पूर्व. ते २०२४ मध्ये गेले. त्यानंतर मी ते एकदाही उघडलेलं नाही. माझी मान वर करून फार वेळ राहत नाही.

दोन दिवस तसंच ठेवलं. मग काढलं. ‘रिमूव्ह’ केलं तर सेटिंग्ज मागे राहतात, ‘पर्ज’ केलं तर त्याही जातात, हे वाचलं होतं, म्हणून सरळ पर्ज केलं. त्यामागोमाग ऑटोरिमूव्हने त्याच्या परिवारातली आणखी सतरा पॅकेजं काढली.

नंतर घरच्या फोल्डरमध्ये लपवलेल्या फाइली बघत होते, तर तिथे स्टेलारियमचं फोल्डर जसंच्या तसं. भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "आत्या, पर्ज केलं तरी एप्ट माणसाच्या घरात हात घालत नाही. ते तुझं तू पुसायचं."

एकूण सव्वापाच जीबी मोकळे झालेत. तेराव्या आवृत्तीला तेवढे पुरतील म्हणे. ते फोल्डर फक्त काही केबींचं आहे. ते मी पेन ड्राइव्हवर ओव्यांशेजारी ठेवलंय.