पाणी कोण तापवतं?

आठवीत असताना 'शहर बरे की खेडे?' हा निबंध मी तीनदा लिहिला. चाचणीला, सहामाहीला आणि वार्षिकला. तिन्ही वेळा खेडंच जिंकलं. शुद्ध हवा, ताजी भाजी, प्रेमळ माणसं. बाईंनी दहापैकी आठ दिले. आम्ही तेव्हा नुकतेच गाव सोडून बेळगावला आलो होतो, त्यामुळे लिहिताना डोळ्यांत पाणीही यायचं. गेल्या वर्षी वादस्पर्धेतही मी खेड्याच्याच बाजूने बोलले. टाळ्या मिळाल्या. मग कॅम्पातल्या घरी आले, पंखा लावला आणि झोपले.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे. मलप्रभेचा उगम जिथे आहे त्या कणकुंबीच्या बाजूला. पावसाळ्यात तिथे आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. लाईट गेली की कधी येईल ते सांगता येत नाही. भातात गवे शिरतात. मोबाईलला रेंज फक्त चॅपलमागच्या उंचवट्यावर, आणि फादर मिस्साला महिन्यातून एकदा येतात. ह्या सगळ्याला मी भाषणात 'निसर्गाच्या कुशीतलं साधं जगणं' म्हटलं होतं.

त्याच वर्षी जुलैत आजी परसात घसरून पडली. ती एकटीच राहायची. शेजारच्या मावशीने हाक ऐकली. तिचा मुलगा भर पावसात उंचवट्यावर गेला आणि पप्पांना फोन लावला. जीप मिळून आजी बेळगावच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत दिवेलागण झाली. मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

मला वाटलं, आता ही झुरणार. 'मला गावाला न्या' असं ती म्हणेल, याची मी खरं तर वाटच बघत होते. आठव्या दिवशी आजी म्हणाली, "उद्या मिस्साला मी एकटी जाऊ? रस्ता सरळच आहे गं." मग ती रोजच जायला लागली. येताना हातगाडीवाल्याशी घासाघीस करून मेथी आणायची. गिझरचं तर तिला भारी कौतुक. "जन्मभर पाणी तापवलं बाय. आता कुठं मला कोणी तापवून देतंय."

एकदा खडे बाजारात चालताना ती मध्येच हसली. "इथं कोण विचारत नाही, कुठं चाललीस, का चाललीस. केवढं बरं वाटतं!" आजी तिशीत विधवा झाली. गावाने तिला धान्य दिलं, आधार दिला, आणि पन्नास वर्षं तिच्या पावलांवर नजरही ठेवली. हे माझ्या एकाही निबंधात नव्हतं.

ऑगस्टमध्ये पप्पांनी गावचं घर बंद करायचा विषय काढला. मी रडले, भांडले. आजी शांतपणे म्हणाली, "मग तू जाऊन राहा. आठ दिवस."

सुट्ट्या जोडून गेले. चूल पेटायला पहिल्या दिवशी तास लागला, नुसता धूर. विहिरीचं पाणी ओढून तळहात सोलले. पायाला जळवा. कौलांवरचा पाऊस ऐकत झोपणं लहानपणी केवढं सुख होतं! पण तेव्हा गळक्या जागी पातेली ठेवायला आजी उठायची. आता मी उठत होते. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या गोष्टी वाचताना मला हेच घर आठवायचं. आजी त्यात दिवसभर काय करत असेल, हे मात्र कधी मनात आलं नाही.

तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. पहिल्याच रात्री मावशी गोधडी घेऊन आली. "एकटी कशी झोपशील?" म्हणाली आणि रोज येत राहिली. मी बोलावलं नव्हतं. आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर कोण राहतं, हे मला आठ वर्षांत ठाऊक नव्हतं.

सहाव्या दिवशी मी बस धरली. आजी काही बोलली नाही. फक्त गिझर लावला.

8 सप्टेंबरला, मारियामातेच्या जन्माच्या सणाला, मावशीने बसमधून हळव्या भाताच्या लोंब्या पाठवल्या. आजीने त्या चर्चमध्ये नेल्या, आणि उरलेल्यांतली एक जुडी वरच्या मजल्यावर दिली. त्या बाईंचं नाव, त्यांचा गुडघा, त्यांच्या सुनेची नोकरी, सगळं तिला पाठ होतं.

घर अजून विकलेलं नाही. शेत मावशीच्या मुलाने अर्धेलीने केलंय. किल्ली आजीच्या गुलाबमाळेच्या डबीत आहे. नाताळला सगळे जाऊ, असं ठरलंय. पुढचं ठरलेलं नाही, आणि ते ठरवायचा हक्क आजीचा आहे, माझ्या निबंधाचा नाही.

पुन्हा कुणी 'शहर बरे की खेडे' असा विषय दिला, तर मी आधी एवढंच विचारीन: तिथे पाणी कोण तापवतं?