कॅप्टन चुकतोय, हे कोण सांगणार?

आपल्या बैठकांत एखादा तरुण हिशेबाबद्दल किंवा निर्णयाबद्दल प्रश्न विचारू लागला की "साहेबांचा मान राखा" म्हणून त्याला खाली बसवतात. हे मी अनेक वर्षं पाहतोय. अशा वेळी मला टेनेरिफचा विमान अपघात आठवतो.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ धुक्यात बुडालेला. केएलएमचं जम्बो जेट उड्डाणाच्या तयारीत आणि पॅन अ‍ॅमचं जम्बो त्याच धावपट्टीवर. केएलएमचा कॅप्टन कंपनीतला ज्येष्ठ प्रशिक्षक. शेजारच्या फर्स्ट ऑफिसरची या विमानावरची परीक्षा दोनच महिन्यांपूर्वी त्यानेच घेतलेली. कॅप्टन घाईने निघाला तेव्हा परवानगी मिळाली नसल्याचं सांगून फर्स्ट ऑफिसरने त्याला एकदा थांबवलं. दुसऱ्यांदा मात्र त्याने थांबवलं नाही. समोरचं विमान हटलं नाही का, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने काढली. कॅप्टनने ती ठामपणे उडवून लावली आणि पुढे कुणी बोललं नाही. काही सेकंदांत टक्कर झाली. ५८३ माणसं मेली.

धुकं होतं, रेडिओवर गोंधळ होता, हे खरंच. पण कॉकपिटमध्ये शंका होती आणि ती अधिकारापुढे दबली, हेही तितकंच खरं.

विमान क्षेत्राने यातून धडा घेतला. १९७९ मध्ये नासाने या प्रश्नावर कार्यशाळा घेतली. १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट'चं प्रशिक्षण सुरू केलं. पुढे ते जगभर गेलं. त्यात कॅप्टनचा अंतिम निर्णयाचा अधिकार कायम आहे. मात्र धोका दिसला की बोलणं हे कनिष्ठाचं कर्तव्य ठरलं आणि ऐकून घेणं हे कॅप्टनचं काम.

"प्रश्न विचारले तर शिस्त मोडते" म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. विमानाइतकी शिस्त कुठे असते? तिथे प्रश्न हाच शिस्तीचा भाग आहे.

मित्रांनो, जबाबदारीतून येणारा अधिकार आपल्यालाही हवा. पण वरच्याला प्रश्न नाही आणि खालच्याला आवाज नाही, ही उतरंड जातिव्यवस्थेची आहे. तिच्याशी लढणाऱ्या संघटनेने तीच आपल्या कार्यालयात मांडायची? राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. त्यांचा फोटो भिंतीवर लावून प्रश्नकर्त्याला गप्प करणं हा त्यांचा मान नव्हे.

म्हणून पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी सर्वांत आधी सर्वांत नव्या कार्यकर्त्याला विचारावं, "माझं काय चुकतंय?" आणि त्याने मोकळेपणाने सांगावं.

जय भीम!