अकरा देश आणि एक नान

फ्लॉरिडातील डिस्नेच्या ‘एपकॉट’ उद्यानात तलावाकाठी अकरा देशांची दालने आहेत. मेक्सिको, मोरोक्को, जपान; प्रत्येकाची रुची निराळी. त्यांत भारत नाही. आम्ही हौसेने नवनवे पदार्थ चाखले. बडोद्याहून आमच्यासमवेत आलेल्या शाकाहारी सासूबाईंनी मात्र दोन दिवस फळांवरच काढले.

तिसऱ्या दिवशी डिस्नेच्याच ‘अ‍ॅनिमल किंगडम लॉज’मधील ‘सना’ या उपाहारगृहात गेलो. खिडकीबाहेर जिराफ आणि पुढ्यात गरम नान, चटण्या, लोणचे!

“आफ्रिकेच्या पानात हे कोठून गं?” सासूबाईंनी विचारले.

गुजरातेतील व्यापारी शतकांपूर्वी गलबतांतून पूर्व आफ्रिकेला गेले आणि आपल्या चवीही घेऊन गेले, असे मी सांगितले.

“म्हणजे आपले शेजारीच की!” म्हणत त्यांनी आणखी एक नान मागवला. त्या सहलीत त्यांना पोटभर जेवताना मी प्रथमच पाहिले.