ऐनाच्या पानावरची अळी
(गोंदियाची दैनंदिनी)

सोमवार, बिरसी

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, इंग्रजांनी बांधलेली. प्रवासी विमानं मात्र २०२२ साली सुरू झाली. विमानतळाबाहेर पडलं की चहूकडे धानाच्या बांध्या.

सोबतची मंडळी कोसा, म्हणजे टसर रेशीम, पाहायला आलेली, पण गाडीत विषय निघाला तो अर्जेंटिनाच्या कॅक्टोब्लास्टिस पतंगाचा. त्याची मादी निवडुंगावर एकावर एक अंडी रचत जाते. अंड्यांची ही काडी हुबेहूब काट्यासारखी दिसते. अळ्या फड्यात शिरून आतला गर फस्त करतात. ऑस्ट्रेलियात निवडुंगाने कोट्यवधी एकर जमीन गिळली होती. तिथे १९२५ मध्ये हा पतंग मुद्दाम आणला आणि सात-आठ वर्षांत बहुतेक रान मोकळं झालं. क्वीन्सलंडमधल्या बूनार्गाच्या लोकांनी आपल्या सभागृहाला त्याचं नाव दिलं! भारतात निवडुंगाची एक जात संपवली ती मात्र पतंगाने नव्हे, तर १७९५ मध्ये लाल रंगासाठी आणलेल्या कॉचिनियल किड्याने.

मंगळवार, जंगलपट्टा

इथला पतंग टसरचा. त्याची अळी ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पानांवर वाढते. बोटाएवढी जाड, हिरवीगार, अंगावर चांदीसारखे ठिपके. पानात बसली की पटकन सापडत नाही. चार वेळा कात टाकून ती कोष विणायला घेते. त्याआधी डहाळीभोवती रेशमाचं कडं घालते आणि त्याला देठ जोडते. म्हणून पान गळालं तरी कोष फांदीलाच लटकून राहतो. बाहेर आलेला पतंग काहीच खात नाही. सारं खाणं अळीपणीच उरकलेलं असतं.

या अळ्यांवर पाखरं, मुंग्या आणि गांधीलमाश्या टपलेल्याच असतात. त्यामुळे कोसा पिकवणारे ढिवर बांधव दिवसभर झाडाखाली राखण करतात. एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट फांदी तोडून दुसऱ्या झाडावर ठेवतात. हे कष्ट साडीच्या किमतीत कुणाला दिसत नाहीत, याचं वाईट वाटतं.

बुधवार, आंधळगाव

भंडारा जिल्ह्यातलं हे विणकरांचं गाव. इथल्या मागावर टसरचं कापड उतरतं. विदर्भाच्या करवती साडीचे काठ करवतीच्या दात्यांसारखे असतात.

निवडुंगावरची आणि टसरची, दोन्ही अळ्या सारख्याच खादाड. पण तिकडे ऑस्ट्रेलियात झाड संपावं म्हणून पतंग आणला. इकडे झाड संपलं तर कोसाही संपला आणि त्यावर चालणारी घरंही उघडी पडली. गोंदिया-भंडाऱ्यात ज्यांची शेती आहे, त्यांनी बांधावरचे ऐन-अर्जुन राखावेत आणि पावसाळ्यात दोन-चार नवे लावावेत.