एक कोरे पान

मुलांनो, तुमच्यापैकी काहींच्या वर्गात स्मार्ट बोर्ड असेल. भिंतीवर पांढरा फळा, छताला प्रोजेक्टर आणि बाजूला संगणक. संगणकावरचे चित्र फळ्यावर दिसते. फळ्यावर बोट फिरवले की रेघ उमटते. कॅनडातील एका कंपनीने 1991 साली 'स्मार्ट बोर्ड' या नावाने असा फळा बाजारात आणला. पुढे तेच नाव रूढ झाले. या फळ्यासाठी पाठ तयार करायला मी कसा शिकलो, ते तुम्हांला सांगतो.

2014 साली मी बी.एड. करत होतो. सराव पाठांसाठी आम्हांला मालेगावातील एका उर्दू शाळेत पाठवले होते. माझा विषय भूगोल, वर्ग सातवी आणि घटक 'महाराष्ट्रातील नद्या'. तीन रात्री जागून मी बावीस पाने तयार केली. उर्दू नावे टाइप केली, तर अक्षरे सुटी होऊन उलट क्रमाने पडली. शेवटी प्रत्येक नाव कागदावर लिहिले, त्याचा फोटो काढला आणि तो नकाशावर चिकटवला. फळ्यावर निळीशार गोदावरी वाहू लागली. पाण्याचा खळखळाटही ऐकू येत होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी अगदी खूश झालो.

पाठ संपल्यावर आमच्या प्राध्यापकांनी मुलांना एकच प्रश्न विचारला, "गोदावरी पूर्वेकडे का वाहते?"

सारा वर्ग गप्प. सर मला म्हणाले, "मुलांनी तुमचा पाठ पाहिला. विचार मात्र कोणी केला नाही. सगळा वेळ फळ्यावर तुमचेच बोट फिरत होते."

मी हिरमुसून घरी आलो. माझे अब्बा यंत्रमागावर काम करत. सारी हकीकत ऐकून ते म्हणाले, "बेटा, माग नवा असला म्हणून काय झाले? ताणाच नीट लावला नाही, तर कापड चांगले कसे निघेल?"

त्या रात्री मी संगणक उघडलाच नाही. कागद घेतला. मुलांना काय विचारायचे, फळ्यापाशी कोणाला बोलवायचे, उत्तर चुकले तर पुढे काय करायचे, हे आधी लिहून काढले. बावीस पानांची तीन पाने झाली.

पुढचा पाठ दुसऱ्या तुकडीवर होता. पहिल्या पानावर नुसता नकाशा होता. दोन बाजूंना दोन समुद्र आणि त्र्यंबकेश्वरपाशी एक ठिपका. मी म्हणालो, "गोदावरी इथे उगम पावते. अरबी समुद्र इथून सुमारे 80 किलोमीटरवर आहे. मग ती कोणीकडे जाईल? या, बोटाने दाखवा." पाच मुले आली. चौघांनी नदी पश्चिमेला नेली. मग मी दुसरे पान उघडले. सह्याद्रीची रांग आणि जमिनीचा उतार दिसताच मुलेच ओरडली, "सर, उतार तर पूर्वेकडे आहे!" म्हणूनच गोदावरी 1465 किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते.

तिसऱ्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिले होते : 'सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उगम पावणाऱ्या सर्व नद्या बंगालच्या उपसागराला मिळतात.'

शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती वर्गात फारसे बोलत नसे. तिने हळूच विचारले, "सर, आपली गिरणासुद्धा सह्याद्रीतूनच येते ना? माझे मामू जळगावकडे राहतात. ते म्हणतात, ती तापीला मिळते."

मला घाम फुटला. मागे प्राध्यापक पाठाचे निरीक्षण लिहीत होते. 'तो भाग आज नाही, खाली बस,' असे सांगून मला सुटता आले असते. पण तिचे म्हणणे खरे होते आणि फळ्यावरचे माझे वाक्य चुकले होते.

मी म्हणालो, "बेटी, तुझे बरोबर आहे. माझे चुकले. ये, तूच दाखव."

मी एक कोरे पान उघडले. तिने गिरणा आधी पूर्वेला नेली, मग उत्तरेला वळवून तापीला मिळवली. तापी तर पश्चिमेला जाऊन सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. मग आम्ही सर्वांनी नकाशासंग्रह उघडले. गोदावरी आणि गिरणा यांच्या मध्ये काय आहे, ते एका मुलाने शोधून काढले. सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर! ते आडवे असल्यामुळे गिरणेचे पाणी गोदावरीकडे जाऊ शकत नाही. मी त्या मुलीलाच तिसऱ्या पानावरचा 'सर्व' हा शब्द पुसायला सांगितला. तिथे तिने 'बहुतेक' असे लिहिले.

त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत. पण घंटा झाली तरी मुले नकाशाभोवतीच उभी होती.

तेव्हापासून प्रत्येक पाठाच्या शेवटी मी एक पान कोरे ठेवतो. ते तुमच्या प्रश्नांसाठी असते. फळ्यावर लिहिलेले आणि तुम्हांला ठाऊक असलेले जुळत नसेल, तर गप्प बसू नका. हात वर करा.

आणि हो, तुमच्या गावाजवळची नदी शेवटी कोठे जाऊन मिळते? आज घरी गेल्यावर नकाशात जरूर शोधा.